मागच्या जिन्याची बाई

सुनंदा,

आधी निकाल सांगते, कारण कुठल्याही गोष्टीचा शेवट आधी ऐकल्याशिवाय तुला चैन पडत नसे. आपल्या ऑफिसच्या इमारतीला आग लागली. ड्रिल नव्हे, खरीखुरी. आणि सहाही मजल्यांवरची सगळी माणसं तुझ्या मागच्या जिन्याने खाली आली. कोणाला साधं खरचटलंही नाही. तू जिंकलीस. आता नीट बस आणि पहिल्यापासून ऐक, मध्येमध्ये बोलू नकोस.

तू गेल्यावर इमारतीत तुझी शोकसभा झाली. राऊतसाहेबांचं भाषण तू ऐकायला हवं होतंस. इमारतीच्या कमिटीचे सचिव, दोन मजल्यांचे मालक आणि तुझे कायमचे विरोधी पक्ष. माईक हातात घेऊन, गळा दाटून आणून म्हणाले, "ज्या बाईंनी जन्मभर आपल्याला बाहेर पडण्याची वाट दाखवली, त्या आज स्वतःच बाहेर पडल्या." लोकांनी माना हलवल्या. माझं डोकं असं तापलं की माईक हिसकावून घ्यावा आणि सांगावं, साहेब, त्याच वाटेला तुम्ही कुलूप घातलं होतं. पण तुझी लेक प्राची समोरच्या खुर्चीवर बसली होती, म्हणून गप्प राहिले. मी गप्प राहिले, याची नोंद घे.

आणि तुझ्यावरही माझा राग आहेच. रविवारी सकाळी सक्करदऱ्याच्या घरी कुंड्यांना पाणी घालता घालता बसलीस ती उठलीच नाहीस. हे काय जाणं झालं? निघताना शेजारच्या माणसाला सांगून निघायचं, हा नियम कोणाचा होता? ड्रिलमध्ये टिफिन उचलायला मागे वळलेल्या माणसाला तू सगळ्यांसमोर झापायचीस. मग मी तुला झापू नको का? शनिवारी संध्याकाळी आपण पार्किंगमध्ये भांडलो आणि तू म्हणालीस, "बाकीचं सोमवारी." तो सोमवार काही आला नाही वं.

तुझ्या या वेडाचं मूळ मला फार उशिरा कळलं. तुझे बाबा कोराडीला वीज केंद्रात कामाला होते. कॉलनीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये ते रोज झोपण्याआधी दारासमोरच्या सगळ्यांच्या चपला बाजूला सारायचे. "अंधारात पायाले चप्पल लागली तं माणूस दारातच पडते, अन् मागचा त्याच्या अंगावर," असं म्हणायचे. तुम्ही भावंडं हसायचात. पुढे ती सवय तुझ्या अंगात इतकी भिनली की कुठेही गेलीस तरी आधी दुसरं दार शोधायचीस. सिनेमाला गेलो तर पडदा उघडायच्या आत तू उठून बाहेरची वाट बघून यायचीस आणि मला म्हणायचीस, "मीना, डावीकडून. खाली दोन पायऱ्या आहेत."

रामटेकला माझ्या भाचीच्या लग्नात तर तू कहरच केलास. हॉलच्या दुसऱ्या दारासमोर डेकोरेशनवाल्याने प्लास्टिकच्या फुलांची भलीमोठी भिंत उभी केली होती. नवरानवरीचे फोटो तिथेच काढायचे होते. आणि पाहुणी म्हणून आलेली तू, जरीची साडी खोचून, त्या भिंतीला ढकलत होतीस. माझा भाऊ, शेतकरी गडी, धान कापणीच्या दिवसांत असतो तसा तापून माझ्याकडे आला. "कोण आहे ही बाई? काय करून राहिली?" मी म्हटलं, "माझी मैत्रीण आहे. भिंत हलेपर्यंत ती काही जेवणार नाही, तेव्हा तू पण हात लाव." त्याने लावला. फोटो दुसऱ्या कोपऱ्यात निघाले. अजूनही त्या अल्बमचा विषय निघाला की तो तुझी आठवण काढतो. परवा फोन केला तर म्हणाला, "बाई गेली का वं आपली?" आपली म्हणाला, सुनंदा. तेव्हा मला रडू आवरलं नाही.

तर जिना. तू या इमारतीत प्रशासनाचं काम घेतलंस तेव्हा मागचा जिना हा जिना नव्हताच. ते कूलरचं गोदाम होतं. नागपुरात कूलरशिवाय कोणाचं भागत नाही, एसी असला तरी एक कूलर हवाच. मार्चमध्ये ते खिडक्यांना लागतात आणि जुलैत उतरतात. आणि उतरल्यावर जातात कुठे? जिन्यात. प्रत्येक मजल्याच्या वळणावर ताडपत्रीखाली लोखंडी कूलर, त्यांच्या वाळलेल्या खसगवताच्या ताट्या, वर कोणाचा तरी मोडका टेबलपंखा. वाळलेली खस म्हणजे तयार सरपण. माणसाला अंग चोरून, कुशीवर होऊन उतरावं लागायचं. आणि खाली, सगळ्यात शेवटी, राऊतसाहेबांचं कुलूप, चोरीच्या भीतीने लावलेलं. म्हणजे खसच्या सरपणातून वाट काढत खाली यायचं आणि बंद दारावर डोकं आपटायचं. आणि इतक्या वर्षांत हे कोणाच्या डोळ्यांत खुपलं नव्हतं, कारण आपल्या सगळ्यांच्या घरीही कूलर जिन्यातच असतो.

तू कुलूप काढून तिथे आडवा दांडा असलेलं दार बसवून घेतलंस. आतून ढकललं की उघडतं, बाहेरून उघडत नाही. चोराचा प्रश्न मिटला, आपलाही मिटला. गच्चीवर टिनाची शेड उभारून घेतलीस आणि कूलर तिकडे चढवलेस. धूर जिन्यात शिरू नये म्हणून प्रत्येक मजल्यावर आपोआप बंद होणारी जाड दारं लावलीस, तर लोकांनी हवा यावी म्हणून त्या दारांना विटा लावायला सुरुवात केली. तू वीट उचलायचीस, दुसऱ्या दिवशी नवी वीट. मला अजून कळलेलं नाही की बियाण्यांच्या, विम्याच्या आणि कोचिंगच्या ऑफिसात माणसं रोज विटा आणतात कुठून. तू उचललेल्या विटांत एक न्हाणीघर सहज झालं असतं.

आता ती गोष्ट, जिच्यावरून आपलं शेवटपर्यंत पटलं नाही. आपल्या पाचव्या मजल्यावर गणपती बसायचा तो बरोबर धुराच्या डिटेक्टरखाली. एका वर्षी आरतीच्या ऐन भरात धूप आणि कापूर यांनी डिटेक्टरला जागं केलं, भोंगा वाजला, आणि कोणीतरी स्टुलावर चढून त्याच्यावर प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधून टाकली. गणपती गेला, दसरा गेला, दिवाळीची झाडझूड आली. पिशवी तिथेच. तुझ्या लक्षात आली तेव्हा तू पांढरी पडलीस. "मीना, हा मजला दोन महिने आंधळा होता," म्हणालीस.

पुढच्या वर्षी गणपतीची जागा बदलायची हे तू ठरवलंस. खिडकीजवळची, मोकळ्या हवेची. तू राऊतसाहेबांकडे निघालीस आणि मी तुझा हात धरला. म्हटलं, "तू नको सांगू. मी सांगते."

"काहून?"

"काहून म्हणजे तुले माहीत आहे काहून. वासनिकबाईने गणपती हलवायला सांगितला म्हणतील. डिटेक्टर राहील बाजूले अन् तुझ्या आडनावावर गोष्ट जाईल."

तू हात सोडवून घेतलास. मग म्हणालीस, "म्हणजे मी खरं बोलली तं ते खरं राहात नाही. तू बोलली तं राहते."

मी सांगितलं आणि काम चटकन झालं. कोणी एक अक्षर बोललं नाही. गणपती खिडकीजवळ बसला, उजेडात छान दिसला. तू आरतीला आलीस, टाळ्या वाजवल्यास, मोदक घेतलास आणि पुढे किती दिवस माझ्याशी कामापुरतंच बोललीस. मी म्हणत राहिले की काम झालं ना, मग झालं. तू म्हणत राहिलीस की ज्याला दिसलं त्याने सांगायचं, आणि ऐकणाऱ्याने धूर बघायचा, आडनाव नाही. शनिवारी पार्किंगमध्येही तेच चाललं होतं. मी अजूनही म्हणते की त्या दिवशी मी केलं ते बरोबर केलं. पण तू म्हणत होतीस तेही खोटं नव्हतं, आणि दोन्ही एकाच वेळी कसं खरं असतं ते तूच मला समजावून देणार होतीस.

बरं, ड्रिल. पहिल्या ड्रिलची फजिती तुला आठवते का? सगळ्यांनी खाली येऊन समोर लावलेल्या 'इथे जमा' या पाटीखाली रांगेत उभं राहायचं होतं. पाटीखाली उभी होतीस फक्त तू. बाकी अख्खी इमारत रस्ता ओलांडून रामदासच्या ठेल्यावर तर्री-पोहे खात होती. मी पोट धरून हसले. दुसरं कोणी असतं तर सर्क्युलर काढलं असतं. तू पाटी उपटलीस आणि रामदासच्या ठेल्याशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर नेऊन रोवलीस. "माणूस घाबरला की ओळखीच्या जागी पळते," म्हणालीस, "मग तीच जागा आपली." तिथे प्रत्येक मजल्याचा एकेक जण आपली माणसं मोजून हात वर करून "पूर्ण" म्हणणार, असं ठरलं. रामदासलाही तू कामाला लावलंस. मोजणी होईपर्यंत त्याने कोणालाही प्लेट द्यायची नाही. त्यानंतर मोजणी कधी रेंगाळली नाही.

आणि ज्यांना उतरायला त्रास होतो त्यांच्या तू जोड्या लावल्यास. आपल्या मजल्यावरचे देवतळेकाका, निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून येणारे, दोन्ही गुडघे गेलेले, लिफ्टशिवाय पाऊल न टाकणारे. त्यांची जोडी तू लावलीस माझ्याशी. अख्खा दिवस लोकांच्या उगवण न झालेल्या बियाण्याच्या तक्रारी ऐकून जिचं डोकं कायम उकळत असतं, तिच्याशी. मी म्हटलं, "अगं, मले धीर आहे का? कोणी शांत माणूस दे त्यांना."

"शांत माणसं पहिले पळतात," तू म्हणालीस. "तू शिव्या देशील, पण सोडून जाणार नाहीस."

हे कौतुक होतं हे कळायला मला बराच वेळ लागला. त्याबद्दल थँक्यू म्हणायचं राहिलं होतं, ते आज म्हणते.

तुझं पुण्यानुमोदन झालं. भन्तेजींनी वंदना घेतली, तुझ्या घरी सगळे जेवले, आणि दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला आले तर मागच्या जिन्यात, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, दोन कूलर. वर ताडपत्री. मी क्षणभर तिथेच उभी राहिले. तू गेल्याचं मला स्मशानात इतकं जाणवलं नव्हतं जितकं त्या ताडपत्रीने जाणवून दिलं.

राऊतसाहेबांचं म्हणणं असं की मे महिन्यातल्या वादळात गच्चीवरच्या शेडचे टिन उडाले, दुरुस्तीला वेळ लागणार, कूलर भिजतील. "मॅडम, फक्त यंदाच्या वर्षी." त्यांच्या केबिनमध्ये कमिटीचे बाकीचे लोक बसले होते आणि सगळे माना डोलवत होते. मी कधी एवढ्या हळू आवाजात बोलले नसेन. म्हटलं, "साहेब, आग कॅलेंडर बघून येते का?"

"तसं नाही हो. पण ठेवायचे कुठे?"

"तुमच्या कॉन्फरन्स हॉलमध्ये."

"माझ्या?"

"इमारतीतली सगळ्यात मोठी रिकामी खोली ती आहे. जिन्यापेक्षा तिथे कमी लोक ये-जा करतात."

कोणीतरी फिसकन हसलं. राऊतसाहेब लाल झाले. म्हणाले, "हे तुम्ही सांगून राहिल्या का? तुमचा काय संबंध?" आणि तेव्हा, सुनंदा, तुझं-माझं सगळं भांडण माझ्या डोक्यात उभं राहिलं. मी म्हटलं, "मी नाही सांगून राहिली. हे सुनंदा वासनिकचं सांगणं आहे. तिने तुम्हाला दहादा सांगितलं, तुम्ही बाई कटकटी आहे म्हणालात. आता मी तिचं नाव घेऊन सांगते, अन् रोज सांगीन. जिन्यात एक ताटीसुद्धा राहणार नाही." आणि कोणाच्या परवानगीची वाट न बघता सिक्युरिटीच्या दोघांना घेऊन मी ते कूलर उचलवले. एका बाजूने मी स्वतः धरला होता. अजून खांदा दुखतो. संध्याकाळपर्यंत सहाही मजल्यांचे उतरवलेले कूलर कॉन्फरन्स हॉलमध्ये टेबलाभोवती उभे होते, कमिटीची मीटिंग भरल्यासारखे. राऊतसाहेब दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. मला काही फरक पडला नाही.

आणि मग ती दुपार.

जेवणं आटोपून लोक पेंगत होते. बरेच दिवस पाऊस हटला नव्हता आणि तळमजल्यावर, लिफ्टशेजारच्या मीटरच्या खोलीत, भिंतींना ओल आली होती. तिथे वायर कशी पेटली ते नंतर कळलं. आम्हाला आधी कळला तो भोंगा. त्या खोलीबाहेरच्या डिटेक्टरने धूर हेरला होता. तोच डिटेक्टर, ज्याच्यावर रंगाऱ्याने रंग उडू नये म्हणून चढवलेली टोपी काढायची राहिली होती आणि तू शिडी लावून काढून घेतली होतीस.

भोंगा वाजला आणि अख्ख्या मजल्यावरून एकच सूर निघाला, "आता हिनं पण सुरू केलं का?" लोकांना वाटलं, सुनंदाबाई गेल्या आणि मीनाबाईंनी ड्रिलचा वसा घेतला. माझ्याकडे रागाने बघत, कुरकुरत, खुर्च्या सारत ते उठले. मला मात्र माहीत होतं की मी कुठलंही ड्रिल ठेवलेलं नाही. तू असतीस तर सरळ सांगितलं असतंस, आग आहे, शांतपणे चला. तू कायम म्हणायचीस की लोकांना खरं सांगायचं, खरं सांगितलं की लोक शहाण्यासारखे वागतात. मी नाही सांगितलं. त्या कुरकुरण्यात एक शिस्त होती, रोजची, सवयीची, आणि ती मला मोडायची नव्हती. मी फक्त ओरडले, "चला, मागून. टिफिन राहू द्या." यावर तू माझ्याशी भांडली असतीस. भांड ना. मी तयार आहे.

देवतळेकाका सवयीने लिफ्टकडे निघाले होते. मी त्यांची कोपर धरली.

"बाई, मले लिफ्टच लागते."

"आज नाही लागत."

"माझे गुडघे..."

"काका, गुडघे घेऊनच चला."

लिफ्टच्या फटीतून जळक्या वायरीचा वास येत होता. त्यांनाही आला. ते माझा हात धरून वळले. आम्ही जाड दार ढकलून मागच्या जिन्यात शिरलो, दार मागे आपोआप मिटलं, आणि आत हवा अगदी स्वच्छ होती. वास नाही, धूर नाही. वरून खालून लोक बडबडत उतरत होते. कोणी क्रिकेटवर बोलत होतं, कोणी माझ्यावर. काका कठडा धरून एकेक पायरी उतरत होते आणि मी त्यांना वाट्टेल ते बोलत होते. म्हातारपणी लोणचं कमी खा म्हटलं, मुलीकडे पुण्याला गेला असतात तर आज सुटला असतात म्हटलं. ते हसायला लागले. हसत हसत दोन पायऱ्या जास्त उतरले.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांना दम लागला. "बस, जराशीक," म्हणाले आणि भिंतीला टेकले. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. आणि लोक आमच्या बाजूने जात राहिले. दोघे दोघे, आरामात, कोणाचा खांदा कोणाला न लागता. दोन कूलर जिथे ताडपत्रीखाली उभे होते, बरोबर तिथे आम्ही दोघं उभे होतो, आणि तरीही वाट उरत होती. त्यांनी विचारलं, "काय झालं बाई, रडून काहून राहिली?" मी म्हटलं, "तुम्ही उतरा." आनंदाने रडत होते मी, सुनंदा, आणि तू नाहीस म्हणूनही रडत होते, आणि त्यातलं कुठलं कोणतं ते मला वेगळं काढता येत नव्हतं.

खालचं दार काकांनी स्वतः ढकललं. दांड्यावर दोन्ही हात ठेवून, सगळं वजन टाकून. ते उघडलं.

रामदासचा ठेला आवरत आला होता, तर्री संपली होती. लोक चिखलातून प्लॉटवर जमले, मजल्यांप्रमाणे उभे राहिले, अजून माझ्याच नावाने खडे फोडत. मग कोचिंगवाल्यांपैकी कोणीतरी मागे वळून इमारतीकडे बघितलं आणि बोलणं थांबलं. पुढच्या जिन्याच्या सगळ्या खिडक्यांतून काळा धूर येत होता, खालपासून वरपर्यंत. ज्या जिन्याने ते रोज येतात-जातात, तो जिना दिसतही नव्हता. एवढी माणसं, आणि तिथे इतकी शांतता की रामदासचा स्टोव्ह ऐकू येत होता. ती सगळी कुरकुरत वाचली होती, सुनंदा. आपण वाचतोय हे माहीत नसताना वाचली होती.

पहिला मजला, पूर्ण. दुसरा, पूर्ण. एकेक हात वर झाला. राऊतसाहेबांनी आपल्या मजल्यांची माणसं दोनदा मोजली, ओठ हलत होते त्यांचे. पूर्ण. आमचा हात देवतळेकाकांनी वर केला, मला करूच दिला नाही.

अग्निशमन दलाची गाडी आली. अधिकारी उडी मारून उतरला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, "आत कोणी आहे?"

"नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. मोजून सांगते आहे."

त्याने माझ्याकडे जरा निरखून बघितलं, मग मागे वळून आपल्या माणसांना सांगितलं की आत शोधायला जायचं नाही, फक्त आग विझवायची. त्या पोरांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. त्यांनाही घरी आया आहेत. तुझ्या जिन्याने आपली माणसं वाचवली हे मला कळत होतं, पण त्या धुरात शिरावं लागलं नाही म्हणून हेही वाचले, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. तुझ्या आलं होतं का? विचारायला हवं होतं.

आग तळमजल्यापुरती राहिली. लिफ्ट जळाली, पुढचा जिना काळाठिक्कर झाला. आता सगळे मागच्याच जिन्याने ये-जा करतात, खालचं दार सिक्युरिटीवाला आतून उघडून देतो, आणि कोणीही विटा आणत नाही.

राऊतसाहेब माझ्या टेबलाशी आले. मग म्हणाले, "मीनाताई, बाई बरोबर होत्या. त्या होत्या तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं मले." माणूस खोटा बोलत नव्हता. म्हणाले, कमिटीने ठरवलं आहे की तुझा मोठा फोटो करायचा आणि मागच्या जिन्यात, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर लावायचा, तुझ्या नावाने मोकळ्या झालेल्या जागेवर. प्राचीलाही बोलावून घेतलं होतं. मी गेले तेव्हा सगळी तयारी झाली होती. सागवानी चौकट, हार, खाली एक सुबक लाकडी स्टँड, त्यावर मेणबत्त्या, उदबत्तीचं घर, फुलांची परडी. शेजारी पाहुण्यांना बसायला दोन खुर्च्या. प्राची तुझा फोटो छातीशी धरून उभी होती. फोटोत तू हसत होतीस. सगळे माझ्याकडे बघत होते, मी चार शब्द बोलावेत म्हणून.

मी बोलले. म्हटलं, "हे सगळं उचला."

राऊतसाहेबांना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. "अहो, फोटो आहे त्यांचा."

"दिसते मले. स्टँड उचला. खुर्च्या उचला."

"निदान भिंतीवर हार तरी?"

"हार सुकते, साहेब. पेटते."

मला प्राचीकडे बघायची हिंमत होत नव्हती. पण तीच पुढे आली. फोटो एका हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने एक खुर्ची उचलली. म्हणाली, "मावशी, आईनं तं आतापर्यंत आपल्याले झापून खाली पाठवलं असतं." आणि खाली उतरायला लागली. मग राऊतसाहेबांनी, तुझ्या राऊतसाहेबांनी, वाकून स्वतः स्टँड उचललं. मेणबत्त्या खिशात घातल्या. सगळे ओळीने उतरले आणि मी शेवटी एकटी राहिले, फरशीवर पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या वेचल्या आणि निघाले.

तुझा फोटो सक्करदऱ्याला तुझ्या घरी गेला. इथे तुझ्या नावाचं काहीही ठेवलेलं नाही, सुनंदा. सहाव्या मजल्यापासून खालच्या दारापर्यंत, भिंतीपासून कठड्यापर्यंत, सगळी जागा रिकामी आहे.